वस्तुमान टक्केवारी: हिशोब कागदावरचा आणि काट्यावरचा

१०% मिठाचं द्रावण करायला सांगितलं की नवखा माणूस १०० ग्रॅम पाणी मोजतो, त्यात १० ग्रॅम मीठ टाकतो, ढवळतो आणि बाटलीवर ‘१०%’ अशी चिठ्ठी डकवून मोकळा होतो. बाटलीत प्रत्यक्षात ९.०९% द्रावण असतं. मोजमाप बरोबर, भागाकारही बरोबर. चुकला तो छेद. त्याने मिठाला पाण्याच्या वस्तुमानाने भागलं, आणि भागायला हवं होतं सगळ्या द्रावणाच्या वस्तुमानाने. या विषयातल्या बहुतेक चुका खणत गेलं की शेवटी छेदापाशीच येऊन थांबतात. म्हणून गणित करताना अंशाकडे एकदा बघा आणि छेदाकडे दोनदा.

सूत्र

जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं तो द्रावक आणि दोन्ही मिळून झालं ते द्रावण.

वस्तुमान टक्केवारी = (द्राव्याचं वस्तुमान ÷ द्रावणाचं वस्तुमान) × १००

द्रावणाचं वस्तुमान = द्राव्याचं वस्तुमान + द्रावकाचं वस्तुमान

१०० ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम साखर विरघळवली तर द्रावण १२५ ग्रॅम होतं आणि टक्केवारी २५ ÷ १२५ × १०० = २०. पंचवीस नाही. द्राव्य थोडंच असेल तेव्हा ही चूक लपून राहते: १०० ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम मीठ म्हणजे ०.९९%, हा फरक कोणाच्या नजरेतही भरणार नाही. मात्रा वाढली की चूक उघडी पडते. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. छेदात नुसतं पाणी मांडलं तर उत्तर येईल २००%, आणि शंभराच्या वर गेलेली टक्केवारी म्हणजे हिशोब फसल्याची सरळ कबुली. खरं उत्तर २०० ÷ ३०० × १००, म्हणजे ६६.७%.

एकाहून जास्त पदार्थ विरघळवले असतील तर छेद सगळ्यांना सामाईक असतो. १८० ग्रॅम पाण्यात ६ ग्रॅम मीठ आणि १४ ग्रॅम साखर असेल तर द्रावण २०० ग्रॅमचं. मीठ ३%, साखर ७%. मिठाची टक्केवारी काढताना साखर छेदातून वगळायची नाही. ती काट्यावर बसलेली आहे, तशीच हिशोबातही बसते.

अंश आणि छेद एकाच एककात हवेत. ५० ग्रॅम द्रावणात २५० मिलिग्रॅम द्राव्य असेल तर आधी ०.२५० ग्रॅम करा, मग भागा: ०.५%. ही पायरी मनातल्या मनात करणारे अनेकदा हजारपटीने चुकतात, म्हणून ती कागदावर उतरवलेली बरी.

उलटा हिशोब जास्त वेळा लागतो: अमुक द्रावण हवं, तर किती द्राव्य घ्यायचं?

द्राव्य = हवं असलेलं द्रावण × टक्केवारी ÷ १००
द्रावक = द्रावण − द्राव्य

२५० ग्रॅम ८% द्रावणासाठी द्राव्य २० ग्रॅम आणि पाणी २३० ग्रॅम.

वस्तुमानच का, आकारमान का नाही

वस्तुमानांची बेरीज होते, आकारमानांची होईलच असं नाही. ५० मिलिलीटर इथेनॉल आणि ५० मिलिलीटर पाणी एकत्र करा. मोजपात्रात १०० नाही, सुमारे ९६-९७ मिलिलीटरच दिसतात. काही सांडलं नाही, काही उडालं नाही. रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसले एवढंच. तेच दोन द्रव काट्यावर ठेवले तर मिश्रणाचं वस्तुमान बेरजेइतकंच भरतं. शिवाय तापमान वाढलं की द्रव फुगतो, त्याचं वस्तुमान मात्र जागचं हलत नाही. त्यामुळे सकाळी थंडीत केलेलं १०% द्रावण दुपारच्या उकाड्यातही १०%च राहतं. अट एकच, झाकण घट्ट हवं.

इथेच एक घोळ नवख्यांना फार छळतो. बाटलीवर नुसतं ‘%’ लिहिलेलं असतं आणि तो टक्का तीन प्रकारचा असू शकतो: वस्तुमान/वस्तुमान, वस्तुमान/आकारमान किंवा आकारमान/आकारमान. शिरेतून देतात ते ०.९% सलाइन दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणजे १०० मिलिलीटर द्रावणात ०.९ ग्रॅम, लीटरला ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड. अल्कोहोलची टक्केवारी बहुधा तिसऱ्या प्रकारची असते. आकारमानाने ४०% असलेलं इथेनॉल-पाणी मिश्रण वस्तुमानाने जेमतेम ३३% भरतं, कारण इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं आहे. संहत (म्हणजे दाट) आम्लांच्या बाटल्यांवरचा टक्का मात्र वस्तुमानाचा असतो.

एका प्रकारातून दुसऱ्यात जायला घनता लागते:

वस्तुमान/आकारमान टक्केवारी = वस्तुमान टक्केवारी × द्रावणाची घनता (ग्रॅम प्रति मिलिलीटर)

१०% मिठाच्या द्रावणाची घनता २० अंशांना १.०७ ग्रॅम प्रति मिलिलीटर आहे. म्हणजे १०० मिलिलीटर द्रावण भरतं १०७ ग्रॅम, आणि त्यात मीठ १०.७ ग्रॅम. हे द्रावण वस्तुमानाने १०% आणि वस्तुमान/आकारमानाने १०.७%. पातळ द्रावणाची घनता एकच्या आसपास असते म्हणून तिथे दोन्ही आकडे जवळपास जुळतात, आणि त्या जुळण्यावर विसंबून राहायची सवय लागते. दाट द्रावणात तीच सवय अंगाशी येते.

घनता घ्यायची ती द्रावणाची, पाण्याची नव्हे. नुसतं पाणी मोजायचं असेल तेव्हा ‘१ मिलिलीटर म्हणजे १ ग्रॅम’ हे गृहीतक चालतं. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७ आहे, म्हणजे चूक ०.३ टक्क्यांची.

प्रत्यक्ष द्रावण करताना

२५० ग्रॅम ८% सोडियम क्लोराइडचं उदाहरण पुढे नेऊ. लागणारं सामान: वजनकाटा, ४०० मिलिलीटरचं कोरडं चंचुपात्र (बीकर), स्पॅच्युला (पूड घ्यायचा चपटा चमचा), काचकांडी, वॉच ग्लास (काचेची उथळ चकती), ऊर्ध्वपातित पाणी आणि ड्रॉपर.

पहिलं काम काट्याची क्षमता बघणं. चंचुपात्राचं स्वतःचं वस्तुमान शंभर-दीडशे ग्रॅम असू शकतं. त्यात २५० ग्रॅम द्रावण मिळवलं की २०० ग्रॅम क्षमतेचा काटा उपयोगाचा नाही. टेअरचं बटण दाबल्यावर पडद्यावर शून्य दिसतं खरं, पण काट्यावरचा भार तेवढाच राहतो, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही.

चंचुपात्रात काचकांडी ठेवूनच काटा शून्यावर आणा. काचकांडी नंतर बाहेर काढली तर तिच्या अंगाला चिकटलेले थेंब हिशोबातून निसटतात. आधीपासून आत असली तर तो प्रश्नच उरत नाही.

आता मीठ थेट चंचुपात्रात घ्या. स्पॅच्युलाने १९ ग्रॅमपर्यंत भराभर, पुढचं बोटाने स्पॅच्युलाच्या दांड्यावर हलकी टिचकी मारत, चार-चार कण पाडत. आकडा २०.० वर आला की हात मागे घ्या आणि दोन-तीन सेकंद थांबा. काटा स्थिरावल्यावर दिसतं ते खरं वाचन. कागदावर वजन करून मग ओतायची पद्धतही चालते, पण कागदावर कण राहतात. ती वापरायचीच तर ओतल्यावर कागद पुन्हा तोला आणि फरक धरा.

मग पाणी. पडद्यावर सुमारे २३० ग्रॅम दिसेपर्यंत ओता, मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, आणि शेवटचे वीसेक ग्रॅम पाणी ढवळून झाल्यावर घाला. शेवटचे काही थेंब ड्रॉपरने, एकूण २५०.० ग्रॅम होईपर्यंत. पाणी राखून ठेवायचं कारण असं की अनेक पदार्थ विरघळताना द्रावण तापतं आणि थोडी वाफ उडते, विशेषतः सोडियम हायड्रॉक्साइडसारखे. शिवाय विरघळवायला गरम पाणी वापरलं तरी तेच होतं. झाकण म्हणून वॉच ग्लास ठेवा, द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, वॉच ग्लासच्या खालच्या बाजूचे थेंब आत टेकवून घ्या आणि मग उरलेलं पाणी भरून वस्तुमान पुरं करा. गरम भांडं काट्यावर ठेवलं तर त्याभोवती हवेचे वर चढणारे झोत तयार होतात आणि वाचन कमी भरतं. आकडा सतत सरकत राहतो ती त्याचीच खूण.

प्रमाण चुकलं तर टाकून द्यायची गरज नाही. मीठ २०.० ऐवजी २०.६ ग्रॅम पडलं? छेद बदला: २०.६ ÷ ०.०८ = २५७.५. एकूण वस्तुमान २५७.५ ग्रॅम होईपर्यंत पाणी घाला. द्रावण थोडं जास्त होईल, टक्का तोच राहील.

पाणी जास्त पडून काटा २५३ दाखवतोय? आता मिठाने भरपाई करायची, पण मीठ घातलं की छेदही वाढतो. अशा वेळी जो घटक बदलणार नाही त्याला धरून चालावं. पाणी आहे २३३ ग्रॅम आणि ८% द्रावणात पाणी ९२% असायला हवं. म्हणून एकूण द्रावण २३३ ÷ ०.९२ = २५३.२६ ग्रॅम आणि मीठ २०.२६ ग्रॅम. आणखी ०.२६ ग्रॅम मीठ घाला, काम झालं.

बाटलीतला पदार्थ शुद्ध आहे का, कोरडा आहे का

हिशोबातलं द्राव्य आणि काट्यावरची पूड एकच असतील असं नाही. नवख्याला सगळ्यात मोठा झटका बसतो तो स्फटिकजलाचा. मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, घ्या. त्याच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात अडकलेले असतात. परीक्षानळीत थोडे निळे खडे तापवले की नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब धरतात आणि तळाशी राखाडी-पांढरी पूड उरते. निळ्या खड्यांचं रेणुवस्तुमान २४९.७ आणि निर्जल कॉपर सल्फेटचं १५९.६. म्हणजे खड्यांच्या वस्तुमानातला ६३.९% भागच खरा कॉपर सल्फेट, बाकीचं पाणी.

१०० ग्रॅम ५% कॉपर सल्फेट द्रावण हवं असेल आणि हाताशी निळे खडे असतील तर:

लागणारं निर्जल कॉपर सल्फेट: ५.०० ग्रॅम
लागणारे निळे खडे: ५.०० ÷ ०.६३९ = ७.८२ ग्रॅम
घालायचं पाणी: १०० − ७.८२ = ९२.१८ ग्रॅम

पाणी ९५ ग्रॅम नाही घालायचं. खड्यांनी स्वतःबरोबर २.८२ ग्रॅम पाणी आणलेलंच आहे आणि ते द्रावकात मिसळतं. ५ ग्रॅम खडे आणि ९५ ग्रॅम पाणी घेतलं असतं तर द्रावण ३.२% चं झालं असतं. धुण्याच्या सोड्यात हा फरक आणखी मोठा: दहा रेणू पाणी असलेल्या सोडियम कार्बोनेटच्या स्फटिकांत निर्जल सोडियम कार्बोनेट फक्त ३७% असतं. लेबलावर ‘पेंटाहायड्रेट’ (पाच रेणू पाणी), ‘डेकाहायड्रेट’ (दहा रेणू) किंवा ‘अ‍ॅनहायड्रस’ (निर्जल) यातलं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काट्याला हात लावू नये.

शुद्धतेचंही तसंच. लेबलावर शुद्धता ९७% असेल आणि शुद्ध द्राव्य १० ग्रॅम हवं असेल तर १० ÷ ०.९७ = १०.३१ ग्रॅम घ्या. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तर काट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतली आर्द्रता शोषून चकचकीत ओल्या दिसू लागतात आणि आकडा हळूहळू चढत जातो; वर कार्बन डायऑक्साइडही शोषतात. त्यांचं वजन पटकन, झाकणाच्या भांड्यात करा, आणि अचूक संहती हवी असेल तर केवळ वजनावर न जाता नंतर अनुमापन (टायट्रेशन) करून, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करवून ठरवा. गोळ्यांना हात लावायचा नाही, चष्मा काढायचा नाही.

विरघळलं तेवढंच द्राव्य

तळाशी न विरघळलेले खडे बसले असतील तर ते अंशात धरायचे नाहीत, छेदातही नाहीत. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅमच मीठ विरघळतं. म्हणजे मिठाच्या संतृप्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) द्रावणाची टक्केवारी ३६ ÷ १३६ × १०० = २६.५. तुम्ही १०० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम मीठ ओता नाहीतर ८० ग्रॅम, वरचं स्वच्छ द्रावण २६.५% चंच राहणार. ३०% मिठाचं द्रावण करायला सांगणारं गणित कागदावर सुटतं, भांड्यात सुटत नाही. विद्राव्यतेचे तक्ते बहुधा ‘१०० ग्रॅम पाण्यात इतके ग्रॅम’ असा आकडा देतात. ती टक्केवारी नव्हे. छेदात तो आकडा मिळवल्यावर टक्केवारी होते.

संहत द्रावण पातळ करणं

पाणी घातल्याने द्राव्य वाढत नाही की कमी होत नाही. त्यामुळे

आधीचं वस्तुमान × आधीची टक्केवारी = नंतरचं वस्तुमान × नंतरची टक्केवारी

३७% हायड्रोक्लोरिक आम्लापासून ५०० ग्रॅम १०% आम्ल करायचं आहे. लागणारं संहत आम्ल ५०० × १० ÷ ३७ = १३५.१ ग्रॅम, पाणी ३६४.९ ग्रॅम. संहत आम्लाच्या वाफा झोंबतात आणि काट्याच्या धातूलाही खातात, म्हणून ते तोलण्यापेक्षा मोजपात्राने घेणं सोयीचं. घनता १.१८ धरली तर १३५.१ ÷ १.१८ = ११४.५ मिलिलीटर. इथे घनतेने भागायचं असतं. गुणलं तर १५९ मिलिलीटर येतं आणि तेवढ्याच पाण्यात द्रावण जवळपास १२.६% चं होतं. मनाशी एक पडताळा ठेवा: पाण्यापेक्षा जड द्रवाचे मिलिलीटर ग्रॅमपेक्षा कमीच यायला हवेत.

काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालून करा. आधी पाणी भांड्यात, मग त्यात आम्ल बारीक धारेने, ढवळत. उलट कधीही नाही. ९८% सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत हा नियम मोडला तर आम्लावर पडलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट उसळून अंगावर येतं. त्या आम्लाची घनता १.८४ आहे, पाणी त्याच्यावर तरंगतं, आणि दोघं भेटतात त्या पातळ थरात सगळी उष्णता कोंडते.

दोन द्रावणं मिसळताना

२०० ग्रॅम १०% आणि ३०० ग्रॅम २०% द्रावण एकत्र केलं. सरासरी काढून १५% म्हणणं चूक. द्राव्य मोजा: पहिल्यात २० ग्रॅम, दुसऱ्यात ६० ग्रॅम, मिळून ८०, द्रावण ५०० ग्रॅम, टक्का १६. साधी सरासरी बरोबर येते ती फक्त दोन्ही वस्तुमानं सारखी असतात तेव्हा.

किती-किती मिसळायचं हे काढायला तिरक्या वजाबाकीची रीत चटकन जमते. ३०% आणि ५% पासून १२% हवं आहे. हवा असलेला आकडा मध्ये लिहा, दोन द्रावणांचे आकडे डावीकडे वर-खाली, आणि तिरकस वजा करा:

३०% चे भाग: १२ − ५ = ७
५% चे भाग: ३० − १२ = १८

३०% चे ७ भाग आणि ५% चे १८ भाग, दोन्ही वस्तुमानाने. ५०० ग्रॅम हवं असेल तर एकूण २५ भाग, एक भाग २० ग्रॅमचा. म्हणून १४० ग्रॅम आणि ३६० ग्रॅम. पडताळा: १४० × ०.३० + ३६० × ०.०५ = ४२ + १८ = ६०, आणि ५०० चे १२% ६०च. नुसत्या पाण्याने पातळ करायचं असेल तर त्याला ०% समजा, हीच रीत चालते.

द्रावण दाट करायचं झालं तर दोन वाटा. पाणी उडवलं की द्राव्य तेवढंच राहतं: ४०० ग्रॅम ५% द्रावण आटवून २५० ग्रॅम केलं तर २० ÷ २५० म्हणजे ८%. द्राव्य वाढवलं तर मात्र अंश आणि छेद दोन्ही हलतात. २०० ग्रॅम १०% चं १५% करायला आणखी १० ग्रॅम मीठ पुरेल असं वाटतं, पण ३० ÷ २१० होतात १४.३%. पुन्हा न बदलणाऱ्या पाण्याला धरा: पाणी १८० ग्रॅम, ते ८५% व्हायला हवं, एकूण २११.८, म्हणून मीठ ११.८ ग्रॅम.

पदार्थ पाण्याशी अभिक्रिया करत असेल तेव्हा

परीक्षेत आवडीने विचारला जाणारा प्रकार. ४.६ ग्रॅम सोडियम ९५.४ ग्रॅम पाण्यात टाकलं तर द्रावणाची टक्केवारी किती? ४.६% हे उत्तर चूक, कारण द्रावणात सोडियम नावाचा धातू उरतच नाही. ४.६ ग्रॅम सोडियमपासून ८.० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड बनतं, तेव्हा अंश ८.०. छेदही १०० नाही: ०.२ ग्रॅम हायड्रोजन वायू होऊन निघून जातो, म्हणून ९९.८. उत्तर ८.०२%. वायू वजा करायला विसरणं आणि मूळ पदार्थच अंशात ठेवणं, या दोन चुका इथे ठरलेल्या. हे गणित वहीतच सोडवायचं. सोडियम पाण्यात पेट घेतं, स्फोटही होतो.

अनोळखी द्रावणाची टक्केवारी काढणं

द्राव्य न उडणारं आणि तापवल्यावर न विघटणारं असेल, उदाहरणार्थ मीठ, तर आटवून टक्केवारी काढता येते. तीन वाचनं लागतात:

रिकामी बाष्पन बशी: ४२.३१५ ग्रॅम
बशी + द्रावण: ६२.५४८ ग्रॅम
बशी + कोरडं मीठ: ४४.३३८ ग्रॅम

द्रावण २०.२३३ ग्रॅम, मीठ २.०२३ ग्रॅम, टक्केवारी १०.००.

आकडे सुटसुटीत आहेत, खरी कसरत तापवण्यात आहे. सुरुवातीला वाफेवर हळूहळू आटवा. मीठ सुकत आलं की कडांना पांढरी पापडी धरते, मग तडतड ऐकू येते आणि कण बशीबाहेर उडू लागतात. स्फटिकांत अडकलेल्या पाण्याची वाफ त्यांना फोडून बाहेर पडत असते. उडालेला प्रत्येक कण टक्केवारी खाली आणतो. तडतड सुरू होण्याआधीच आच कमी करून बशीवर वॉच ग्लास ठेवा. पुढे १०५-११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, तोला. मग पुन्हा अर्धा तास ओव्हन, थंड करा, तोला. लागोपाठच्या दोन वाचनांत फरक पडेनासा झाला की थांबा. एकदाच सुकवून भागवलं तर आत राहिलेली ओल मीठ म्हणून मोजली जाते आणि टक्का वर जातो. बशी उघड्यावर थंड केली तरी तेच होतं. साखरेला ही रीत चालत नाही, ती करपते. साखरेच्या द्रावणासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रावणात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं उपकरण, वापरतात. त्यावरचा ब्रिक्स अंश म्हणजे साखरेची वस्तुमान टक्केवारीच: १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर म्हणजे १ ब्रिक्स.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं

काटा जेवढं दाखवतो त्याच्या पुढचे अंक कॅल्क्युलेटरचे, तुमचे नव्हेत. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ०.५ ग्रॅम द्राव्य घेतलं तर आकडा ०.१ ने इकडेतिकडे झाला तरी चूक २०% ची होते. मग उत्तर ‘०.५०२५%’ असं चार अंकी लिहिण्यात काहीच अर्थ नाही. चांगला काटा नसेल तर वाट अशी: आधी १०% चं दाट द्रावण करा (२०.० ग्रॅम द्राव्य, एकूण २००.० ग्रॅम), मग त्यातलं ५.० ग्रॅम घेऊन पाण्याने १००.० ग्रॅम करा. त्यात द्राव्य ०.५ ग्रॅम, द्रावण ०.५%, आणि चूक २० टक्क्यांवरून दोन-अडीच टक्क्यांवर येते, त्याच काट्यावर.

टक्का फारच लहान झाला तर पीपीएम (दहा लाखांत किती भाग) वापरा. १% म्हणजे १०,००० पीपीएम; ०.०००५% पेक्षा ५ पीपीएम वाचायलाही बरं आणि शून्यं मोजताना चुकायची भीतीही कमी.

बाटलीवर नुसता टक्का लिहून भागत नाही. पदार्थाचं नाव, स्फटिकजल असेल तर टक्केवारी निर्जल पदार्थाची की खड्यांची, टक्क्याचा प्रकार आणि तयार केल्याची तारीख, एवढं हवंच: ‘कॉपर सल्फेट (निर्जल धरून) ५.०%, वस्तुमान/वस्तुमान’. चिठ्ठी बाटलीला लावा, झाकणाला नको. झाकणं अदलाबदल होतात.